शेवटच्या बाकाचा साक्षीदार

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एक बाटली आहात.

हसू नका, नीट कल्पना करा. तुमच्या पोटात लाल द्राक्षांची वाइन आहे, तोंडात लाकडी बूच घट्ट बसवलेलं आहे आणि तुम्हाला एका दगडी तळघरात आडवं निजवलेलं आहे. अंधार आहे, गारवा आहे. शाळा नाही, घंटा नाही, 'ऊठ आता, किती वाजले बघ' म्हणणारं कुणी नाही. एक वर्ष जातं, पाच जातात, वीस जातात. तुमच्याकडून जगाची अपेक्षा एकच, की तुम्ही पडून राहायचं. तुम्ही म्हणाल, हे तर आम्हाला आजपासून जमेल. जमेलही. पण नुसतं पडून राहून तुम्ही शहाणे व्हाल का? ती वाइन होते. तरुणपणी ती उद्धट असते, जिभेवर ठेवली की तोंड वाकडं करायला लावते. पुढे वर्षानुवर्षं गप्प राहून राहून ती मऊ होते, खोल होते, बोलायला लागते. गप्प बसण्याचे फायदे मी वर्गात चाळीस वर्षं सांगत होतो, ते कुणाला पटले नाहीत. पण ते असो.

ही मोठ्या माणसांनी प्यायची वस्तू आहे, तुमच्यासाठी नाही, हे एकदाच सांगून ठेवतो. मात्र एखाद्या गोष्टीचं कौतुक करायला ती पोटातच जावी लागते असं थोडंच आहे? चंद्राचं कौतुक आपण करतोच की.

तर अशी चौतीस वर्षं झोपलेली एक फ्रेंच बाटली माझ्या घरी आली, आणि तिला आणखी तीन महिने झोपवून ठेवता ठेवता आमच्या अख्ख्या इमारतीची झोप उडाली.

पाठवणारा होता 'शेवटचा बाक'. हे त्याचं नाव नव्हे, पत्ता. मी भूगोल शिकवायचो तेव्हा तो कायम दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. सहामाहीत मी पाच गुणांचा प्रश्न घातला होता, 'मातीचे उपयोग लिहा'. बाकीच्या मुलांनी विटा, कौलं, मडकी असे पाच-पाच उपयोग लिहिले आणि पाच-पाच गुण खिशात घातले. यानं एकच ओळ लिहिली: 'मातीला चव असते आणि ती पिकात उतरते.' मी भला मोठा भोपळा दिला आणि समासात लाल शाईनं विचारलं, 'कोणी सांगितलं?'

आता खरं सांगतो. तो भोपळा पुढे मलाच सलत राहिला. पुस्तकात नसलेली एक ओळ त्या पोरानं स्वतःच्या डोक्यानं लिहिली होती, आणि वर्गात असं वरचेवर घडत नाही. मी ती ओळ खरी की खोटी हे तपासलं नव्हतं, नुसती कापली होती.

चौतीस वर्षांनी त्याचं पत्र आलं. "सर, मी शेवटच्या बाकावरचा. फ्रान्समधल्या एका जुन्या द्राक्षमळ्यात तळघर सांभाळतो. तुम्ही विचारलं होतं, 'कोणी सांगितलं?' सांगणाऱ्याला पाठवतो आहे. ज्या वर्षी तुम्ही मला भोपळा दिलात, त्याच वर्षीची ही द्राक्षं आहेत. तीन महिन्यांनी मी सुट्टीवर येईन, तेव्हा आपण मिळून साक्ष काढू. तोवर साक्षीदाराला जपा. आडवा ठेवा, अंधारात ठेवा, तेरा अंशांच्या गारव्यात ठेवा. हलवू नका. कसला वास लागू देऊ नका."

मी पत्र दोनदा वाचलं. तो बरोबर असेल तर मी चौतीस वर्षं चूक होतो. तो चूक असेल तर मी सुटलो. पण बाटली बिघडली तर मी जन्मभर 'बहुतेक चूक' या अवस्थेत लटकत राहणार, आणि भूगोलाच्या शिक्षकाला ती अवस्था सोसत नाही. दिशा एकतर पूर्व असते नाहीतर नसते.

नऊ वर्षांची माझी नात आमच्याकडेच राहते. मी तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणतो, का ते तुमच्या लक्षात येईल. तिला घेऊन मी परदेशी टपालाच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या कारकुनांनी एक फॉर्म पुढे सरकवला. त्यात दोन चौकोन होते: वस्तू नवीन, वस्तू वापरलेली.

"कुठली?" त्यांनी विचारलं.

"चौतीस वर्षांपूर्वीची आहे," मी म्हणालो.

"मग वापरलेली."

"नाही हो, अजून उघडलेलीसुद्धा नाही."

"मग नवीन."

"चौतीस वर्षांपूर्वीची वस्तू नवीन कशी असेल?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. चष्मा पुसणाऱ्या कारकुनापुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही. मग त्यांनी पुढची ओळ दाखवली. "मुदत संपण्याची तारीख लिहा."

"तशी तारीख नसते."

"खाण्यापिण्याच्या प्रत्येक वस्तूला असते."

"आजोबा," प्रश्नपत्रिका म्हणाली, "मधाला असते का? मिठाला असते का? समुद्राला असते का?"

तिसऱ्या प्रश्नानंतर कारकून उठले आणि आतून मोठ्या बाईंना घेऊन आले. बाईंनी खोका उघडायला लावला. भुशातून ती बाटली पहिल्यांदा बाहेर आली, जाड, काळपट हिरवी, खांद्यावर धुळीची शाल घेतलेली. लेबलावर रेघारेघांचं एक चित्र होतं: ठेंगणं लांबट घर, पुढे वेलींच्या ओळी आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला एक फुलझाड.

"हे घर अजून आहे?" बाईंनी विचारलं.

एवढं विचारल्यावर मी थांबणार थोडाच! दगडगोट्यांची जमीन, नदीची वळणं, दिवसा तापणारे आणि संध्याकाळी ऊब परत देणारे गोटे, हे सगळं मी त्यांना पंधरा मिनिटं सांगितलं. नकाशा काढायला दुसरा कागद नव्हता, म्हणून तो फॉर्मच्या पाठीमागे काढला. मागच्या रांगेतले लोकही पुढे झुकून ऐकत होते. निदान मला तसं वाटलं. त्यांतल्या एका गृहस्थांनी "आजच्या आज होईल का?" असं विचारलं, तेही बहुधा उत्सुकतेनं.

बाईंनी शांतपणे फॉर्म ओढून घेतला, 'नवीन' आणि 'वापरलेली' यांच्या शेजारी पट्टीनं तिसरा चौकोन आखला, त्यात बरोबरची खूण केली आणि पुढे लिहिलं, 'मुरत असलेली'. मग कारकुनांना म्हणाल्या, "शिक्का हळू मारा. झोपलीय ती."

येताना बसमध्ये एकच जागा मिळाली, तीही चाकावरची. तिथे धक्के बसतात, म्हणून मी खोका छातीशी धरून उभा राहिलो आणि प्रश्नपत्रिकेला बसवलं. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बसा की, पोरगी उभी राहील." मी म्हणालो, "मी स्प्रिंगचं काम करतोय." त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर ठेवायचं कुठे हा प्रश्न. मी फ्रिजचं दार उघडलं, तशी ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुमची पाहुणी माझ्या दुधाशेजारी झोपणार नाही." शिवाय आमचा फ्रिज दर वीस मिनिटांनी हुडहुडी भरल्यासारखा थरथरतो. कपाटात डांबरगोळ्यांचा वास. माळ्यावर भट्टी. मग निवृत्तीच्या वेळी शाळेनं मला पृथ्वीच्या गोलाबरोबर दिलेला थर्मामीटर प्रश्नपत्रिकेनं काढला आणि वहीत नोंदी करत ती घरभर फिरली. पलंगाखाली सत्तावीस. न्हाणीघरात चोवीस, पण फिनेलचा वास. पुस्तकांच्या मागे सव्वीस आणि एक झुरळ.

"इतकी वर्षं संसार केला," ही भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "मला कधी कुणी थर्मामीटर लावून सावली शोधून दिली नाही."

शेवटी तळमजल्यावर जिन्याखालची खोली सापडली. खाली फरशी, तिन्ही बाजूंना जाड भिंती, खिडकी नाही. आत मोडक्या खुर्च्या आणि सोसायटीची शिडी. थर्मामीटर सोळावर थांबला.

"पत्रात तेरा म्हटलंय," मी म्हणालो.

"तेरापैकी सोळा म्हणजे चांगलेच गुण झाले की," ही म्हणाली. भूगोलाच्या शिक्षकाशी लग्न करून गणित असं होतं.

खोली सोसायटीची, किल्ली सेक्रेटरींकडे. अर्ज तीन प्रतींत हवा आणि त्यात कारण हवं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'एका साक्षीदाराच्या तात्पुरत्या निवासासाठी.' अर्ध्या तासात सेक्रेटरी वर आले. दार लावून घेत हळूच म्हणाले, "सर, पोलिसांचं काही आहे का?"

मी सगळं समजावलं. बाटली दाखवली. तेव्हा तर त्यांचा चेहरा आणखीच हळवा झाला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सर, निवृत्तीनंतर एकटेपणा येतो. आम्ही समजू शकतो. पण जिन्याखाली लपवून ठेवण्यापर्यंत वेळ..."

मुलांनो, चाळीस वर्षांत ज्या माणसानं शिक्षकांच्या खोलीतल्या चहापेक्षा कडक काही तोंडाला लावलं नाही, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. मी काही बोलणार एवढ्यात प्रश्नपत्रिकेनं सेक्रेटरींना खाली बसवलं आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. मध्ये थांबून दोन प्रश्नही विचारले. सेक्रेटरी जाताना किल्ली देऊन गेले.

बाटली निजली. दारावर प्रश्नपत्रिकेनं पाटी लावली: 'आत झोपले आहे. आवाज करू नये.' रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती थर्मामीटर बघायची आणि जिन्यातूनच ओरडायची, "आजोबा, आज सतरा! कालच्यापेक्षा अर्ध्यानं जास्त!" चार दिवसांत इमारतीत बातमी पसरली की सरांकडचं कुणीतरी जिन्याखाली आजारी पडून आहे. पोरं जिन्याजवळ चेंडू खेळेनाशी झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दारापाशी फुलं ठेवली, ती वास लागेल म्हणून आम्हाला उचलावी लागली, आणि त्यांनी ते पाहिलं.

खालीच ज्यांचं औषधांचं दुकान आहे ते केमिस्टकाका तर रोज विचारायचे, "सर, आज किती?"

"सतरा."

"फारच कमी हो! डॉक्टरांना दाखवलंत का?"

त्यांना खोलीत नेऊन खरा पेशंट दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "चौतीस वर्षं! आमच्या दुकानातल्या बाटल्या दोन वर्षांत फेकाव्या लागतात." त्या दिवसापासून ते आमच्यातले झाले. भर उन्हाळ्यात दोन दिवस वीज गेली, खोलीचा पारा एकवीसवर चढला आणि प्रश्नपत्रिका रडकुंडीला आली, तेव्हा लसी गार ठेवायच्या डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या केमिस्टकाकाच घेऊन आले. भिंतींना ओली गोणपाटं लावली. दर तासाला एक जण पारा बघायला जायचा. सेक्रेटरीसुद्धा गेले, बूट काढून.

दरम्यान प्रश्नपत्रिकेनं शेवटच्या बाकाला एकोणीस प्रश्नांचं पत्र पाठवलं होतं. त्याचं उत्तर दहा पानी आलं. ते मी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून मोठ्यानं वाचलं. इमारतीतली पोरं खालच्या पायऱ्यांवर, मोठी माणसं वरच्या पायऱ्यांवर, आणि आपण ऐकत नाही असं दाखवणारी ही आमच्या दारात.

त्यानं लिहिलं होतं की तिथली जमीन इतकी गोट्यांची आहे की दुसरं काही धड उगवत नाही. वेलीला पाणी हवं तर मुळं खाली, आणखी खाली पाठवावी लागतात, दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खोल. ओळींच्या टोकाला गुलाब लावायची तिथली जुनी पद्धत, कारण रोग यायचा असला की गुलाब आधी सुकायला लागतो आणि माळी सावध होतो. घराण्याची ही सहावी पिढी. आताच्या मालकीणबाई ऐंशीच्या घरात आहेत आणि अजून पहाटे उठून वेलींच्या मधून चालतात. नवी वेल लावतात तेव्हा म्हणतात, "हिची चांगली वाइन मी पिणार नाही, माझी पणती पिईल," आणि पुढच्या वेलीकडे जातात.

मला सगळ्यात जास्त आवडली ती तळघरातली वही. दर हंगामाला एक पान. दीडशेहून जास्त पानं, सहा जणांची अक्षरं. कुणी पानभर लिहिलंय, कुणी चार ओळी. गारपिटीच्या एका वर्षी पणजोबांनी एवढंच लिहिलंय, 'या वर्षी काही नाही. पुढच्या वर्षी.' आणि आमच्या बाटलीच्या वर्षाच्या पानावर मालकीणबाईंचं अक्षर आहे, 'ऊन चांगलं होतं. घाई करू नये.'

पत्र संपलं तरी पायऱ्यांवरून कुणी उठलं नाही. केमिस्टकाका म्हणाले, "पणतीसाठी वेल लावायची म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडून दुकानात गेले. त्या संध्याकाळी प्रश्नपत्रिकेनं आपल्या तापमानाच्या वहीला नवं कव्हर घातलं.

तीन महिने झाले आणि शेवटचा बाक आला. डोक्याला टक्कल, हात फावड्याएवढे, नखांच्या कडांना जांभळा रंग कायमचा बसलेला. दिवाणखान्यात एवढ्या खुर्च्या असून तो दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसला. मी म्हणालो, "पुढे ये." तो म्हणाला, "सवय आहे, सर." मग खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक पिवळा कागद काढून त्यानं टेबलावर ठेवला. तीच उत्तरपत्रिका. माझाच भोपळा, माझीच लाल शाई.

बाटली आम्ही त्याच्या सांगण्यावरून आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती. इतक्या जुन्या वाइनमध्ये गाळ असतो. तो तळाशी बसू द्यायचा आणि वरची नितळ वाइन अजिबात हात न कापता एका भांड्यात ओतून घ्यायची. माझा हात आताशा कापतो. शेवटच्या बाकाचे हात माझ्यापुढे आल्यापासून कापत होते, का ते त्यालाच ठाऊक. इमारतीत एकच हात पक्का, चाळीस वर्षं थेंब मोजलेला. सगळ्यांच्या माना केमिस्टकाकांकडे वळल्या.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते पुढे झाले. दोन्ही हातांनी त्यांनी बाटली उचलली. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. लेबल वाचायचा प्रयत्न केला, वर्ष वाचलं, समाधानानं मान डोलावली. आणि मग, एक हात बुडाखाली, एक हात मानेवर, त्यांनी बाटली खडखडून हलवली. एकदा. दोनदा. तीनदा.

"जेवणानंतर दोन वेळा..." त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि ते थांबले.

बाटलीच्या आत ढग उठलेला काचेतून दिसत होता. चौतीस वर्षं खाली बसत आलेलं सगळं एका क्षणात वर आलं होतं.

"सर," काका रडवेल्या आवाजात म्हणाले, "मी नाही हो. हातानं केलं."

माझ्या डोळ्यांपुढे चौतीस वर्षांचा भोपळा होता. आता तो तसाच राहणार होता. टपालखात्यानं, बसनं, उन्हाळ्यानं जे केलं नाही ते एका भल्या माणसाच्या हातांनी केलं होतं. सेक्रेटरी खिडकीबाहेर बघत होते. हीसुद्धा काही टोचून बोलली नाही, त्यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते समजा.

पहिला आवाज आला तो दाराजवळच्या स्टुलावरून. शेवटचा बाक हसत होता.

"काका, तळघरातल्या माझ्या पहिल्या दिवशी मीही हेच केलं होतं. मालकीणबाई रागावल्या नाहीत. एक खुर्ची आणून त्या बाटलीसमोर ठेवली आणि मला म्हणाल्या, बस. आमच्या मळ्याची रीतच आहे, ज्यानं हलवली त्यानं ती निवळेपर्यंत समोर बसायचं. दोन दिवस बसलो."

"म्हणजे निवळते?" मी विचारलं.

"निवळते, सर. दोन दिवस लागतात." मग त्याचं हसू मावळलं. "पण माझं विमान उद्या सकाळी आहे."

तेवढ्यात प्रश्नपत्रिका वही घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं पहिलं पान उघडलं. त्यावर मोठ्या अक्षरात तिनं मळ्याच्या वहीतलं वाक्य उतरवून ठेवलं होतं.

"हे तुमच्याच मालकीणबाईंनी लिहिलंय ना?" तिनं विचारलं. "मग तुम्ही कसली घाई करताय?"

चौतीस वर्षांपूर्वी मी त्याला निरुत्तर केलं होतं. आता ते काम माझ्या नातीनं केलं. तो उठला, बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला आणि परत येऊन म्हणाला, "परवा संध्याकाळचं मिळालं."

पुढचे दोन दिवस केमिस्टकाका जिन्याखालच्या खोलीत मोडक्या खुर्चीवर बाटलीसमोर बसून होते. दुकानावर कागद लागला होता, 'मालक पहाऱ्यावर आहेत.' ही त्यांना जेवण नेऊन द्यायची. प्रश्नपत्रिका दर दोन तासांनी तपासणी करायची. सेक्रेटरींनी एकदा त्यांना सोडवायला आपण बसतो असं सुचवलं, तर काका म्हणाले, "नाही. रीत म्हणजे रीत."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा जमलो. काकांनी दुकानातलं नवं कोरं काचेचं मोजपात्र उकळून आणलं होतं. "चालेल," शेवटचा बाक म्हणाला, "काच स्वच्छ असली की झालं." जुनं बूच त्यानं इतक्या हळुवार काढलं, जणू झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खेळणं काढतोय. मग बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती लावली आणि बाटली पुन्हा केमिस्टकाकांच्या हातात दिली. हिच्या तोंडून "अगंबाई" निघालं. पण काकांचा हात दगडासारखा स्थिर होता. बारीक, अखंड धार मोजपात्रात उतरू लागली. मेणबत्तीच्या उजेडात ती डाळिंबासारखी लाल दिसत होती, कडेला भाजल्या विटेची झाक. शेवटी मानेपाशी गाळाची एक बारीक काळी रेघ सरकत आली आणि त्याच क्षणी काकांनी बाटली सरळ केली. एक थेंबही गढूळ उतरला नाही. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या.

वास घ्यायला वयाची अट नाही, म्हणून पहिला पेला प्रश्नपत्रिकेच्या नाकाशी धरला. तिनं डोळे मिटले.

"कंपासपेटी!" ती म्हणाली.

आणि खरंच सांगतो, तसाच वास होता. नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीचा, सुकलेल्या पानांचा, सुट्टीनंतर पहिल्यांदा उघडलेल्या वर्गखोलीचा. मग मी एक घोट घेतला. आयुष्यातला पहिला. मला वाटलं होतं काहीतरी जोरात येईल. जोरात काहीच आलं नाही. आधी पिकून सुरकुतलेल्या फळाची गोडी आली, मग थोडा तुरटपणा, आणि मग, गिळून झाल्यावर बराच वेळ, कोमट दगडासारखं काहीतरी जिभेवर राहिलं. चौतीस वर्षांपूर्वीचं ऊन असं गिळून झाल्यावर सापडलं. हिनं माझ्या पेल्यातला एक घोट घेतला आणि म्हणाली, "एवढं सगळं केलंत ते बरं केलंत." आमच्या संसारात असं प्रमाणपत्र मला प्रथमच मिळालं.

मी लाल पेन मागवलं आणि उत्तरपत्रिका पुढे ओढली. "तू बरोबर होतास," मी म्हणालो.

"थांबा, सर," शेवटचा बाक म्हणाला. "खरं सांगायचं तर मी अर्धाच बरोबर होतो. माती अशी चाखता येत नाही. पण त्या मातीत उभं राहायला वेलीला जे सोसावं लागतं, जेवढं खोल जावं लागतं, ते चवीत उतरतं. हे कळायला मला तिथे वीस वर्षं लागली."

आपलं बरोबर म्हटलेलं उत्तर स्वतःच दुरुस्त करणारा विद्यार्थी मला अख्ख्या नोकरीत भेटला नव्हता. उशिरा आलेल्या उत्तराला मी गुण देत नाही, पण 'घाई करू नये' हे मोठ्या मळ्याचं लेखी मत माझ्यासमोर होतं. मी भोपळा खोडला, शेजारी साडेचार लिहिले आणि खाली सही केली. अर्धा गुण अक्षरासाठी कापला. तो पुढे आला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि हातांच्या ओंजळीत तोंड लपवून कितीतरी वेळ हसत राहिला. तो हसतच होता असं आपण समजू.

आम्ही मोठी माणसं अशी त्या वासात आणि आठवणीत गुंतलेली असताना प्रश्नपत्रिका काय करते आहे इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं रिकामी बाटली उचलली. खिडकीत एक मातीची कुंडी होती. तिनं कंपासपेटीतून कधीची जपलेली एक द्राक्षाची बी काढली, मातीत खोल खोचली, बाटलीच्या तळचा काळा गाळ तिच्यावर ओतला आणि वरून पाणी घातलं. मग वहीचं नवं पान उघडून लिहिलं, 'पहिला दिवस. तापमान सव्वीस. घाई करू नये.' कुंडीवर चिकटवायला एक चिठ्ठी केली, 'चौतीस वर्षं हलवू नये.' आणि चिठ्ठी चिकटवण्याआधी ती आमच्या घोळक्यातून वाट काढत थेट केमिस्टकाकांपाशी गेली आणि तिच्यावर त्यांची सही घेतली.